पिशवी बंद केलीस ते बरोबर, पुन्हा सुरू केली ते चूक

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालेली स्टाफ नर्स विचारते: गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ६.८ वर आलेल्या बाईंना रात्री दीड वाजता ब्लड लावलं. बाराव्या मिनिटाला त्यांना थंडी वाजायला लागली. मी पिशवी बंद केली. सीनियर सिस्टर म्हणाल्या, "एवढ्यातेवढ्याला बंद करायचं नसतं, अविल-एफकॉर्लिन (ॲलर्जीचं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन) दे आणि हळू चालव." चाळीस मिनिटांनी तीच पिशवी पुन्हा सुरू केली, सकाळी साडेसहाला संपली. बाईंना काही झालं नाही, चार दिवसांपूर्वी त्या घरीही गेल्या. नातेवाईक मात्र माझ्यावर चिडले होते, डोनर शोधता शोधता त्यांची दमछाक झाली होती. माझं चुकलं का? साधी थंडी कुठली आणि धोक्याची कुठली, हे कसं ओळखायचं? आणि रिॲक्शन आली तर नेमकं काय काय करायचं?

तुझं चुकलं नाही. एकेरीत बोलते, राग मानू नकोस. सत्तावीस वर्षं मिरज-सांगलीच्या वॉर्डांत काढल्यावर दीड वर्षाच्या स्टाफला अहोजाहो करायला जीभ वळत नाही. बाराव्या मिनिटाला तू नळीवरचा रोलर बंद केलास ते बरोबर. चाळीस मिनिटांनी तीच पिशवी पुन्हा चालू झाली ती चूक, आणि बाईंना काही झालं नाही म्हणून ती चूक बरोबर ठरत नाही. डोळे मिटून हायवे ओलांडला आणि गाडी आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण सगळी गोम तिथंच आहे. साधी थंडी कुठली आणि धोक्याची कुठली? खाटेपाशी उभं राहून, पहिल्या पाच-दहा मिनिटांत, हे कुणालाच ओळखता येत नाही. तुला नाही, मला नाही, एमडी झालेल्यांनाही नाही. थंडी वाजून ताप येणं ही तीन अगदी वेगळ्या गोष्टींची सुरुवात असते. एक, पिशवीतल्या पांढऱ्या पेशींमुळे येणारा साधा ताप. ज्यांना पूर्वी ब्लड लागलंय किंवा ज्यांची दोन-तीन बाळंतपणं झालीत, त्यांच्यात हा जास्त दिसतो. पॅरासिटामॉलनं उतरतो, तासा-दोन तासांत माणूस बरा होतो. दोन, चुकीच्या गटाचं रक्त. तीन, पिशवीत जंतू वाढलेले असणं. पहिल्यात कुणी मरत नाही, उरलेल्या दोन्हींत मरू शकतं. सुरुवात मात्र एकसारखीच: अंगावर काटा, हुडहुडी, पांघरूण मागणं. साधा ताप हे निदान बाकीचं सगळं तपासून, नाही म्हणून झाल्यावर करायचं असतं. तुमच्या सीनियर सिस्टरनी ते आधीच करून टाकलं.

चुकीचा गट गेला की काय होतं ते एकदा नीट समजून घे, म्हणजे बंद करताना हात अडखळणार नाही. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी दोन्हींविरुद्धची प्रतिद्रव्यं लहानपणापासून तयार असतात; त्याला आधी कधी ब्लड लागलेलं असावं लागत नाही. बी गटाचं रक्त आत गेलं की पेशी रक्तवाहिनीतच फुटायला लागतात. सुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडावर जातं, लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी होते, बीपी पडतं, आणि पुढे रक्त गोठण्याचं गणितच बिघडून टाक्यातून, सुईच्या जागेतून, हिरड्यांतून रक्त झिरपायला लागतं. यात महत्त्वाचा आकडा एकच: किती मिली आत गेलं. तीस मिलीवर थांबलेला माणूस आणि तीनशे मिली गेलेला माणूस यांत घरी जाणं आणि न जाणं इतका फरक पडू शकतो. तो आकडा तुझ्या अंगठ्याखालच्या रोलरवर ठरतो. डॉक्टर येईपर्यंत वाट बघितलीस तर तो वाढत राहतो.

म्हणून पहिली पंधरा मिनिटं खाट सोडायची नाही. बीटी सेटवर, म्हणजे ब्लड चढवायच्या नळीवर, २० थेंबांची १ मिली असं छापलेलं असेल तर मिनिटाला वीस ते तीस थेंब. पहिल्या पंधरा मिनिटांत पंधरा-वीस मिली गेलं तरी पुष्कळ. रात्री तीस पेशंटना दोघी असताना पंधरा मिनिटं एका खाटेपाशी उभं राहणं कसं जमतं, हे मला माहीत आहे. जमवावं लागतं. दुसरीला सांगायचं, "मी ब्लडवर आहे, हाक मारू नको." आणि जीव वाचवायची घाई नसेल तर मुळात रात्री दीडला ब्लड लावूच नये. तुमच्या बाई ६.८ वर होत्या, पण रक्तस्राव चालू नव्हता, बीपी ठीक होतं असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. सकाळी आठला लावलं असतं तर काही बिघडलं नसतं. रात्री माणसं कमी, उजेड कमी, पेशंट झोपेत. झोपलेला पेशंट कंबर दुखतीय म्हणून सांगत नाही.

आता माझी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. तेव्हा मी ज्या हॉस्पिटलात होते तिथं तळमजल्यात पाणी शिरणार म्हणून एका दुपारीत दोन वॉर्ड वरच्या मजल्यावर हलवले. खाटा पॅसेजमध्ये, काही पेशंट जमिनीवर गादीवर. खाट नंबर नावाची गोष्टच उरली नव्हती, पण आमच्या तोंडात तेच बसलेलं, "सातला ब्लड लावायचंय." एकाच आडनावाच्या दोन बाया होत्या, पहिलं नावही एकच, वडिलांचं-नवऱ्याचं नाव वेगळं. सांगली जिल्ह्यात एका वॉर्डात दोन पाटीलबाई असणं यात नवल काय? ब्लड आलं बी पॉझिटिव्ह. माझ्या हाताखालच्या मुलीनं जुन्या सात नंबरच्या बाईंना विचारलं, "तुम्हीच ना पाटील?" बाई म्हणाल्या, "व्हय की." लावलं. त्या ओ पॉझिटिव्ह होत्या.

सातव्या-आठव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "सिस्टर, माझी कंबर लई भरून आलीया, आन कसंतरीच हुतंय." थंडी नंतर आली. मुलीनं लगेच बंद केलं. शिकलेली होती म्हणून नव्हे, घाबरट होती म्हणून. आणि त्या दिवशी तो घाबरटपणा कामाला आला. पिशवीवरचं नाव आणि केसपेपर शेजारी धरल्यावर माझ्या पायाखालची फरशी सरकली. वीस-पंचवीस मिली गेलं असेल. लघवीच्या पिशवीत सरबतासारखा रंग उतरला होता. दोन दिवस तासातासाला लघवी मोजली, सलाईन चालू ठेवलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं चढून परत खाली आलं. बाई वाचल्या. आणि दुसऱ्या पाटीलबाई, ज्यांचं ते रक्त होतं, त्या पलीकडच्या गादीवर शांत झोपल्या होत्या.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते: "तुम्हीच ना पाटील" हा प्रश्नच नव्हे. "तुमचं पूर्ण नाव सांगा" हा प्रश्न. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव सांगायचं. आपण ते मनगटपट्टीशी आणि केसपेपरवरच्या आयपीडी नंबरशी जुळवायचं. मग पिशवीवरचा युनिट नंबर, गट, एक्स्पायरी आणि क्रॉसमॅचचा, म्हणजे पेशंटचं नि पिशवीतलं रक्त जुळवून बघितल्याचा, कागद. हे दोघींनी, मोठ्यानं वाचून, खाटेपाशी. नर्सिंग स्टेशनवर बसून दोघींनी सह्या करणं म्हणजे तपासणं नव्हे. मिरजेला अथणी-जमखंडीकडचे पेशंट खूप असतात. मराठीत काहीही विचारलं तरी मान हलवून "हौदु", म्हणजे हो, म्हणतात. मी एवढं कानडी मुद्दाम शिकले: "निम्म हेसरु एनु?" म्हणजे तुमचं नाव काय, आणि थंडीला म्हणायचा शब्द, "चळी". हे दोन येत असले तरी पुष्कळ काम भागतं.

खरं तर बऱ्याच वेळा चूक त्याच्याही आधी, सॅम्पल काढताना झालेली असते. सॅम्पलच्या रिकाम्या बल्बवर (छोट्या नळीवर) आधी नावं चिकटवून ट्रे घेऊन फिरायचं, किंवा सगळ्यांची सॅम्पलं काढून टेबलावर येऊन लेबलं लावायची, या दोन्ही सवयी मी पाहिल्यात. सॅम्पल काढलं की त्याच खाटेपाशी, हातातून बल्ब खाली ठेवायच्या आत लेबल. बल्बात दुसऱ्याचंच रक्त असेल तर रक्तपेढीचं क्रॉसमॅच बिनचूक निघेल, फक्त दुसऱ्याच माणसाचं. पिशवीच्या लेबलाच्या रंगावरही विसंबू नकोस. आपल्याकडे ओ ला निळं, ए ला पिवळं, बी ला गुलाबी आणि एबी ला पांढरं लेबल असतं हे पाठ असणं चांगलं, पण रंग जुळला म्हणजे पेशंट जुळला असं होत नाही.

जाता जाता एक. ओ आहे म्हणून कुणालाही चालतं आणि ओ पेशंटला कुठलंही ओ चालतं, हे वाक्य सोडून दे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये जो बॉम्बे गट नोंदवला, तो साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो आणि त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक. तो सापडतो तो क्रॉसमॅचमध्ये. म्हणून "अर्जंट आहे, क्रॉसमॅच नको" असं डॉक्टर म्हणाले तर ते त्यांच्या सहीनं लेखी घ्यायचं आणि ते ब्लड दुप्पट लक्ष ठेवून चालवायचं.

आता क्रम. रोलर बंद. मग सुई काढायची नाही. शीर हातची घालवायची नाही, पुढचं सगळं त्याच शिरेतून द्यायचंय. बीटी सेट इंट्राकॅथपासून (शिरेतल्या सुईपासून) सोडव आणि नवीन सेटनं नॉर्मल सलाईन लाव. जुन्याच सेटला सलाईन जोडून नळी धुऊन घेणं मी कितीदा तरी पाहिलंय. त्या नळीत अजून रक्त असतं, ते तू सलाईनच्या जोरावर आत ढकलतेस. दोन मिनिटं जास्त लागू देत, सेट बदल.

लगेच टेम्परेचर, नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन, आणि डॉक्टरांना फोन. फोनवर "पेशंटला थंडी वाजतीय" एवढंच म्हणालीस तर पलीकडून "अविल दे" एवढंच येणार. "ब्लड सुरू करून बारा मिनिटं, ताप ९८.६ वरून १०१, बीपी ९० वर साठ, कंबर दुखतीय, ब्लड बंद केलंय, सलाईन चालू आहे, तुम्ही या" असं सांग. फोन ठेवला की नाव-नंबर पुन्हा जुळव. गट चुकलाय असं दिसलं तर दुसऱ्या माणसाचं ब्लडही कुठं तरी चुकीचं लागलं असेल. ते आधी थांबव. हे घाईत विसरतं.

मग सॅम्पल: ब्लड चालू नव्हतं त्या हातातून, एक जांभळ्या टोपणाच्या बल्बात, एक साध्या लाल टोपणाच्या. बारीक सुईनं जोर लावून ओढलंस तर पेशी तिथंच फुटतात आणि रक्तपेढीला वाटतं पेशंटच्या अंगातच फुटल्यात. पहिली लघवी बाटलीत धरून ठेव, रंग लिहून ठेव. उरलेली पिशवी सेटसकट, टोक बंद करून, दोन्ही बल्ब आणि रिॲक्शनचा फॉर्म, हे सगळं रक्तपेढीत. तिथं ते आधी कागद तपासतात, वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गुलाबी झालाय का बघतात, मग आधीच्या आणि नंतरच्या सॅम्पलवर गट व क्रॉसमॅच पुन्हा आणि डायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे पेशींना प्रतिद्रव्यं चिकटलीत का याची तपासणी. तुमच्या बाईंच्या वेळी यातलं एकही झालं नाही, कारण पिशवी पुन्हा पेशंटलाच लागली होती. रक्तपेढीचा निरोप आल्याशिवाय त्या पेशंटला ना ती पिशवी लावायची, ना तिच्याबरोबर आलेली दुसरी.

रिॲक्शनचा फॉर्म म्हटला की तोंडं वाकडी होतात, म्हणून एवढं सांगते. देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्सचा, म्हणजे ब्लडच्या रिॲक्शन नोंदवून त्यातून शिकण्याचा, कार्यक्रम चालू आहे. नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्सकडे या नोंदी जमा होतात. तो कुणाला शिक्षा करायला नाही. फॉर्म भरला म्हणजे आपण चूक कबूल केली, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे आणि त्यामुळेच निम्म्या थंड्या "इंजेक्शननं बरं वाटलं" या एका ओळीत गडप होतात.

तेच ब्लड पुन्हा चालू करायची मुभा आहे, पण एकाच ठिकाणी. नुसतं अंगावर पित्त उठलं, गांधी आल्या, खाज सुटली. ताप नाही, धाप नाही, बीपी जागच्या जागी, चेहरा-ओठ सुजलेले नाहीत, आवाज बसलेला नाही. अशा वेळी बंद करायचं, डॉक्टरांना सांगायचं, अविल द्यायचं, गांधी बसल्या की डॉक्टरांच्या परवानगीनं हळू पुन्हा सुरू करायचं, अर्थात चार तासांच्या हिशेबात बसत असेल तर. अविलचं खरं काम इथं आहे. तापाच्या थंडीला अविलचा उपयोग नाही. पेशंट गुंगतो आणि आपल्याला वाटतं उतार पडला. प्रत्येक पिशवीआधी अविल-एफकॉर्लिन ठोकायची जी पद्धत आपल्याकडे पडलीय, ती मला कधीच पटली नाही. पूर्वी पित्त उठलेल्या पेशंटला डॉक्टरांनी ठरवून दिलं तर वेगळं. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आयांना विचार, त्या आपल्यापेक्षा नेमकं सांगतात: "याला पंधरा मिनिटांनी पोटावर पित्त उठतंय, मग बसतंय."

पण गांधींबरोबर घशात घरघर, ओठ सुजणं, बीपी पडणं यातलं काहीही असेल तर अविल शोधत बसू नकोस. ॲड्रेनालिन. मोठ्या माणसाला अर्धी मिली, १:१००० चं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. पाय वर, ऑक्सिजन, सलाईन मोकळं. ब्लड लावताना ते ॲम्प्युल ट्रेमध्ये असलंच पाहिजे, कुलपाच्या कपाटात नव्हे. तुमच्याकडे डॉक्टर पोचायच्या आत ते द्यायची लेखी सूचना आहे का, हे उद्याच विचारून घे.

धाप लागण्याचं प्रकरण मात्र आपल्या भागात सगळ्यांत जास्त दिसतं आणि सगळ्यांत कमी ओळखलं जातं. जत-आटपाडीकडची सत्तरीची आजी, वर्षानुवर्षं रक्त कमी, हिमोग्लोबिन ४, तरी चालत दवाखान्यात आलेली. मुलगा म्हणतो, "दोन्ही पिशव्या आजच लावा, सकाळच्या एसटीनं जायचंय." आपणही लावतो. तिच्या अंगात पाणी कमी नसतं. लाल पेशी तेवढ्या कमी असतात आणि हृदय आधीच दमलेलं असतं. दुसऱ्या पिशवीच्या मध्यावर आजी उठून बसते, आडवं पडवत नाही, खोकला, मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी १८० वर, फुप्फुसात बुडबुडे. यात ताप नसतोच असं नाही, पण मुख्य खूण चढलेलं बीपी आणि आडवं न होता येणं. बंद कर, बसव, पाय खाली सोडू दे, ऑक्सिजन लाव, डॉक्टर लॅसिक्स (लघवीवाटे पाणी उतरवणारं औषध) देतील. इथं मात्र सलाईन मोकळं सोडू नकोस. शीर चालू राहील इतकेच थेंब. आणि हे पिशवी संपल्यावरही होतं, बारा तासांपर्यंत. म्हणून "ब्लड संपलं, सेट काढला" इथं नर्सिंग संपत नाही.

अशा पेशंटला एका वेळी एकच पिशवी, तासाला वजनाच्या किलोमागे एक मिली या हिशेबानं. चाळीस किलोच्या आजीला चार तासांत १६० मिली जाईल. उरलेलं टाकून द्यावं लागू नये म्हणून रक्तपेढीला आधीच सांगितलं तर काही ठिकाणी पिशवीचे दोन भाग करून देतात. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकानं चढतं, हे नातेवाइकांना आधीच सांगितलं की "चारवरून दहावर कसं नाही आलं" हा वादही टळतो.

धापेचा दुसरा प्रकार म्हणजे बीपी पडलेलं, ताप, पांढरं पडलेलं एक्स-रे आणि लॅसिक्सनं काहीच फरक नाही; सहा तासांच्या आत. त्याला ट्राली म्हणतात, प्लाझ्मा असलेल्या घटकांत जास्त. हा आयसीयूचा पेशंट आहे. तुझं काम तो वेळेत तिथं पोचवणं.

जंतूंचं म्हणशील तर प्लेटलेटवर विशेष नजर ठेव. लाल पेशी २ ते ६ अंशांत असतात, प्लेटलेट २० ते २४ अंशांत, म्हणजे जंतूंना घरच्यासारखं. डेंग्यूच्या दिवसांत पिशव्यांवर पिशव्या लागतात आणि पेशंटला ताप आधीच असतो. तेव्हा सुरू करायच्या आधीचा ताप लिहिलेला नसेल तर नंतरच्या १०३ चा अर्थच लावता येत नाही. पूर्वीच्यापेक्षा एक अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळजवळ दोन अंश चढला आणि १००.४ च्या वर गेला की तो ब्लडचा धरायचा. जोराची थंडी, पडलेलं बीपी, १०३-१०४ ताप असं एकत्र आलं की पिशवीचं आणि पेशंटचं कल्चर (जंतूंची तपासणी), आणि डॉक्टर लगेच अँटिबायोटिक सुरू करतील. सर्पदंशाच्या पेशंटचंही असंच: विषाची लस आणि प्लाझ्मा एकदम चालू केलं आणि थंडी आली तर कशानं आली ते देव जाणे. एक थोडं पुढं जाऊ दे, मग दुसरं.

पिशवी कुठं ठेवता? मी सलाईनच्या कपाटाशेजारी ऊन खात पडलेली पाहिलीय, फ्रिजमध्ये इन्सुलिनशेजारी पाहिलीय, बर्फाच्या कप्प्यात गोठलेलीही पाहिलीय. गार आहे म्हणून नातेवाइकानं काखेत धरून बसलेलं, वॉर्डबॉय मामांनी गरम पाण्याच्या बादलीत बुडवलेलं पाहिलंय. गोठलं तरी पेशी फुटतात, ऊन पाण्यानं भाजलं तरी फुटतात. मग गट बरोबर असूनही लाल लघवी. रक्तपेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात लावायचं. नाही जमलं तर वॉर्डच्या फ्रिजमध्ये न ठेवता परत पाठवायचं. निघाल्यापासून चार तासांत संपवायचं. तुझी पिशवी दीडला लागून साडेसहाला संपली, म्हणजे लावल्यापासूनच पाच तास, रस्त्यातला वेळ वेगळा. शेवटचा तासभर ते ब्लड जायलाच नको होतं. आणि त्याच शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) सोडायचं नाही. पहिल्यानं पेशी फुगून फुटतात, दुसऱ्यातल्या कॅल्शियमनं नळीत गुठळ्या होतात.

भूल दिलेला किंवा व्हेंटिलेटरवरचा पेशंट तुला कंबर दुखतीय म्हणणार नाही. तिथं तीनच साक्षीदार: पडणारं बीपी, टाक्यातून उगाच झिरपणारं रक्त आणि लघवीच्या पिशवीचा रंग. तान्हं मूल नुसतं किरकिरतं.

नातेवाइकांचा राग समजण्यासारखा आहे. सुटलेला डोनर, रिक्षा, प्रोसेसिंगचे पैसे, आणि समोर पिशवी लटकलेली. मी त्यांना एवढंच सांगते: "हे रक्त त्यांना मानवत नाहीये. तपासायला पाठवते. दुसरं मिळवायची जबाबदारी आम्ही आणि रक्तपेढी मिळून घेतो." ओरडले तर ओरडू देत. एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवत जा: "आमच्याच पोराचं रक्त द्या" असा आग्रह असतो. सख्ख्या नात्यातलं रक्त, त्यावर रेडिएशनची प्रक्रिया केलेली नसेल तर, क्वचित पण फार वाईट रिॲक्शन देतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात घर करून त्याच्यावरच उलटतात. पोरानं रक्तपेढीत जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाला जाऊ दे.

आता कागद. तुझ्या केसपेपरवर काय लिहिलंय ते बघ. "थंडी वाजली, इंज. अविल दिले, बरे वाटले" असं असेल तर ते तुला वाचवणार नाही. असं असायला हवं होतं: १.३० ला अमुक नंबरची पिशवी सुरू, त्याआधी ताप ९८.४, नाडी ८८, बीपी ११० वर ७०, १.४२ ला थंडी, ताप इतका, बीपी इतकं, १.४३ ला बंद, अंदाजे इतके मिली गेले, १.४५ ला अमुक डॉक्टरांना कळवलं, त्यांनी असं सांगितलं; अमुक वाजता कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू. आता मागची तारीख घालून लिहू नकोस. आजच्या तारखेनं, आजच्या वेळेनं, जे आठवतंय ते उशिरा केलेली नोंद म्हणून लिही आणि इनचार्जना दाखव. सीनियर सिस्टरशी भांडू नकोस, पण पुढच्या वेळी बंद केलेलं त्यांनी चालू करायला सांगितलं तर नम्रपणे म्हण, "ताई, डॉक्टरांना बघून लिहू देत, मग करते."

आणि हे उत्तर वाचून झालं की एक फोन कर. तुमच्या बाई चार दिवसांपूर्वी घरी गेल्यात. थंडी का वाजली याची तपासणी कधी झालीच नाही, आणि ज्यांना बाळंतपणं झालीत त्यांच्यात रिॲक्शनचा एक उशिरा येणारा प्रकार असतो. तीन-चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही, जुनी प्रतिद्रव्यं जागी होऊन चढवलेल्या पेशी हळूहळू फुटतात. त्यांना विचार: डोळे पिवळे दिसतायत का, लघवी गडद होते का, ताप येतो का, पुन्हा थकवा वाटतो का. काही असेल तर आजच बोलाव. नसेल तरी पुढच्या आठवड्यात टाके बघायला येतील तेव्हा हिमोग्लोबिन, बिलिरुबिन (काविळीची तपासणी) आणि क्रिएटिनिन सांगायला डॉक्टरांना आठवण कर, आणि रक्त काढताना त्यांच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घे.